रक्तातील खूण : पीयूषिका ग्रंथीची गाठ आणि नवी तपासणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी किंचित विस्तारून)



गेल्या संमेलनानंतर थोड्याच दिवसांत आमच्या एका ज्ञातिबंधूंचे पत्र आम्हांस आले. पत्रलेखकांवर चार वर्षांपूर्वी मस्तकातील पीयूषिका ग्रंथीच्या गाठीसाठी नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. गाठीचा थोडासा अंश मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीस बिलगलेला असल्यामुळे शल्यवैद्यांनी तो शहाणपणाने तसाच राहू दिला. तेव्हापासून दरवर्षी त्यांस एम. आर. आय. करून घ्यावा लागतो. त्या अरुंद नळीत निश्चल पडून राहणे, तो खर्च, आणि त्याहूनही अवघड म्हणजे निकाल हाती येईपर्यंतच्या रात्री, हे सर्व त्यांनी मोठ्या संयमाने लिहिले होते. शेवटी त्यांनी विचारले होते : "रक्ताच्या एका नळीतून आता गाठीचा डी. एन. ए. शोधता येतो, असे वर्तमानपत्रात वाचले. मग आमचे रक्तच का तपासू नये?"

पत्र आम्ही चिटणीसांस दाखविले. त्यांच्याही कानावर अशीच एक हकीकत होती. कोण्या तपासणी केंद्राचा प्रतिनिधी एका सभासदांच्या घरी जाऊन "सर्व प्रकारच्या गाठी एका रक्तात" अशी योजना सवलतीच्या दरात देऊन गेला होता आणि त्या गृहस्थांनी घरातील पाचही माणसांची नावे नोंदविली होती. तेव्हा ह्या वर्षी आम्ही ह्याच विषयावर बोलावे, असे ठरले. विषय थोडा कठीण आहे. तो आपणांपुढे शक्य तितका सोपा करून ठेवण्याचा प्रयत्न आम्ही करू. मात्र सोपा करताना खोटा होणार नाही, एवढी खबरदारी घेऊ.

प्रथम ही ग्रंथी कोठे असते ते पाहू. दोन्ही डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडात एक लहानसा खळगा असतो. घोड्याच्या खोगिरासारखा त्याचा आकार असल्यामुळे जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यास 'तुर्की खोगीर' असे नाव दिले. त्या खोगिरात वाटाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी बसलेली असते. इंग्रजीत तिला पिट्युइटरी म्हणतात. वजन अर्धा ग्रॅम, परंतु कारभार साऱ्या शरीराचा! मुलाची उंची, स्त्रीची मासिक पाळी, बाळंतिणीचे दूध, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम, संकटकाळी शरीरास तग धरावयास लावणारा अधिवृक्क ग्रंथींचा स्राव, ह्या सर्वांवर तिचा अंमल चालतो. आपले हुकूम ती अंतःस्रावांच्या रूपाने थेट रक्तात सोडते. ही 'थेट रक्तात' सोडण्याची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

ह्या ग्रंथीत गाठी उद्भवतात. त्यांतील बहुतेक कर्करोगाच्या नव्हेत. शरीरात अन्यत्र पसरणाऱ्या गाठी शेकडा एकाहूनही कमी भरतात. मग त्या बाधतात कशाने? एक तर दाबाने. ग्रंथीच्या नेमक्या वरच्या बाजूस दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंचा छेद होतो. गाठ वर सरकली की तो दाबला जातो, आणि माणसास समोरचे दिसते पण दोन्ही कडेचे दिसेनासे होते. तो दाराच्या चौकटीस खांदा आपटतो, रस्त्यात बाजूने येणारी स्कूटर त्यास दिसत नाही, आणि घरची मंडळी म्हणतात, "अलीकडे ह्यांचे लक्षच नसते." दुसरी बाधा अंतःस्रावांच्या अतिरेकाने होते, आणि येथे आम्हांस थोडे थांबून बोलावयाचे आहे, कारण ह्या खुणा वैद्याच्या आधी घरच्यांस दिसतात.

वाढीच्या अंतःस्रावाचा अतिरेक प्रौढपणी झाला तर उंची वाढत नाही. हात, पाय, जबडा, नाक, जीभ ही वाढतात. फ्रान्समधील पिएर मारी यांनी १८८६ साली ह्या व्याधीस अॅक्रोमेगाली हे नाव दिले. बोटातील अंगठी निघेनाशी होते, चपलेचा आकडा दोन वर्षांत दोनदा बदलतो, दातांत फटी पडतात, घोरणे वाढते. हे सर्व इतके हळू घडते की रोज पाहणाऱ्यास कळत नाही. निदान होईपर्यंत पुष्कळदा अनेक वर्षे लोटतात. म्हणून ह्या शाखेचे वैद्य रोग्यास जुनी छायाचित्रे आणावयास सांगतात. आपल्या मंडळाच्या एका माजी कार्यकारिणी सदस्यांची व्याधी अशीच लक्षात आली. ओळीने नऊ वर्षांच्या स्मरणिकांतील कार्यकारिणीची छायाचित्रे कोणी सहज शेजारी शेजारी मांडली, आणि मांडणाऱ्याच्या लक्षात आले की बाकीची मंडळी केवळ म्हातारी होत गेली. हे एकटे मात्र निराळेच होत गेले. स्मरणिका छापण्यास खर्च फार होतो अशी तक्रार दरवर्षी सर्वसाधारण सभेत होते. तो एक खर्च तरी त्या वर्षी वसूल झाला, असे आम्ही मानतो.

दुधाच्या अंतःस्रावाचा, म्हणजे प्रोलॅक्टिनचा, अतिरेक झाला तर स्त्रीची पाळी थांबते, बाळंत नसतानाही स्तनांतून दूध येते, आणि गर्भ राहत नाही. भर सभेत हे शब्द उच्चारताना आम्हांसही संकोच होतो. परंतु आमच्या पाहण्यात एक सून अशी आहे की जिने सहा वर्षे 'वांझ' हा शब्द ऐकला, तीन ठिकाणचे नवस फेडले, आणि जिच्या नवऱ्याचे दुसरे लग्न करावे अशी बोलणीही झाली. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातील प्रोलॅक्टिन मोजले. ग्रंथीत हरभऱ्याएवढी गाठ होती. कॅबर्गोलीन नावाची गोळी आठवड्यातून दोनदा सुरू झाली. ह्या जातीच्या बहुसंख्य गाठी केवळ गोळ्यांनी आकसतात. शस्त्रक्रियेची गरजही सहसा पडत नाही. तिची पाळी सुरू झाली व पुढे मूलही झाले. ती सहा वर्षे मात्र तिला कोणी परत दिली नाहीत.

आता पाहा, ह्या दोन्ही उदाहरणांत रक्तानेच उत्तर दिले. गाठीचा डी. एन. ए. शोधावा लागला नाही. गाठीने जो स्राव अतोनात सोडला तोच मोजला. ही तपासणी जुनी व खात्रीची आहे. मग नव्या तपासणीची आवश्यकता काय?

आवश्यकता आहे, आणि ती अशी. ह्या गाठींपैकी सुमारे तिसरा हिस्सा मुका असतो. तो कोणताही स्राव बाधण्याइतका सोडत नाही. आमच्या पत्रलेखकांची गाठ ह्याच जातीची. अशी गाठ डोळ्यांवर दाब येईपर्यंत, किंवा अन्य कारणाने मस्तकाचे चित्र काढीपर्यंत, उघडकीस येत नाही. शिवाय त्या खोगिरात जे जे दिसते ते ते सर्व एकाच जातीचे नसते. तेथे मेंदूच्या आवरणाची गाठ असू शकते, गर्भावस्थेतील अवशेषांपासून झालेली गाठ किंवा पाण्याची पिशवी असू शकते, किंवा गाठ मुळीच नसून ग्रंथीस आलेली सूज असू शकते, जी कित्येकदा औषधांनी उतरते. चित्रात ही एकमेकींसारखी दिसून चकवू शकतात. अन्यत्रच्या गाठीत सुई घालून तुकडा काढता येतो. येथे दोन्ही बाजूंस मेंदूस रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या आणि वर डोळ्यांचे मज्जातंतू. म्हणून गाठीची खरी जात पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. ती आधीच, दंडातील रक्तावरून ठरविता आली, तर एखाद्याची अनावश्यक शस्त्रक्रिया टळेल. आणि शस्त्रक्रिया झालेल्याच्या उरलेल्या अंशावर नजर ठेवणे सुलभ होईल. हा लाभ लहान नव्हे.

तर आता रक्तातील डी. एन. ए. कडे वळू. डी. एन. ए. पेशींच्या केंद्रकात बंदिस्त असतो, हे आपल्या शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु १९४८ साली फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे मांडेल आणि मेते या दोघांनी दाखवून दिले की, रक्तातील पेशी बाजूस काढल्यावर जो पातळ द्रव उरतो, त्या रक्तद्रवातही न्यूक्लिइक आम्ले सुटी फिरत असतात. त्या काळी ह्या शोधाची फारशी कोणी दखल घेतली नाही, डी. एन. ए. च्या रचनेचा उलगडाच मुळी १९५३ सालचा. पुढे १९७७ साली कर्करोगाच्या रोग्यांच्या रक्तात हे प्रमाण वाढलेले आढळले, आणि १९९४ साली गाठीतील विशिष्ट जनुकदोष रक्तद्रवातील तुकड्यांत प्रत्यक्ष सापडला. १९९७ साली डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातेच्या रक्तद्रवात गर्भाचा डी. एन. ए. दाखविला, आज गरोदर स्त्रियांची जी नवी रक्ततपासणी होते ती त्यातूनच निघाली.

हे तुकडे येतात कोठून? शरीरातील पेशी दररोज मरत असतात. मरताना त्यांचा डी. एन. ए. चिरला जातो, आणि त्याचे तुकडे, बहुधा १६०-१७० अक्षरांच्या लांबीचे, रक्तात पडतात. ते टिकतात काही मिनिटे ते दोन-एक तास. मग यकृतादी अवयव त्यांचा निकाल लावतात. म्हणजे रक्तातला हा मजकूर ताजा असतो. गाठीच्या मरणाऱ्या पेशीही आपले तुकडे त्यात टाकतात. तेवढे ओळखता आले की झाले. फुप्फुसाच्या एका जातीच्या कर्करोगासाठी अशा तपासणीस अमेरिकेत २०१६ साली सरकारी मान्यताही मिळाली, आणि कोणते औषध द्यावे हे तिच्यावरून ठरविले जाते. वर्तमानपत्रांतील बातम्यांचा उगम हा असा खरा आहे. चूक एवढीच होते की, फुप्फुसाचे सत्य ते पीयूषिकेसही लावून मोकळे होतात.

पीयूषिकेच्या बाबतीत अडचणी तीन. पहिली अडचण निव्वळ हिशेबाची. दंडातून दहा मिलिलिटर रक्त घेतले, तर त्यातून रक्तद्रव निघतो चार-पाच मिलिलिटर. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटरमध्ये सुटा डी. एन. ए. असतो साधारण पाच नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीचे वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम. गुणाकार-भागाकार केल्यास त्या नळीत सर्व मिळून सहा-सात हजार प्रती भरतात, आणि त्यांतील बहुतेक साऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींपासून आलेल्या. आता गाठ जर बोराएवढी, सावकाश वाढणारी, जिच्यातील पेशी थोड्याच मरतात अशी असेल, आणि दहा हजारांत तिचा एखादाच तुकडा असेल, तर त्या नळीत तो तुकडा आलाच नसण्याचा संभव अधिक. यंत्र कितीही सूक्ष्म असो. जे नळीतच नाही ते त्यास कसे सापडावे? त्यातून नळी प्रयोगशाळेत पोचण्यास उशीर झाला तर पांढऱ्या पेशी नळीतच फुटतात आणि आपल्या डी. एन. ए. चा पूर लोटतात. मग शोध अधिकच दुर्घट होतो. त्यासाठी निराळ्या औषधी नळ्या वापराव्या लागतात.

दुसरी अडचण मेंदूच्या कुसवाची. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते की आतील वस्तू सहसा बाहेर पडत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ६४० रोग्यांच्या अभ्यासात स्वादुपिंड, मोठे आतडे, स्तन इत्यादींच्या पसरलेल्या कर्करोगांत शेकडा ७५ हून अधिक रोग्यांच्या रक्तात गाठीचा डी. एन. ए. मिळाला, मेंदूच्या गाठींत मात्र निम्म्यांतही मिळाला नाही. येथेच ती 'थेट रक्तात' ची गोष्ट आठवावी. पीयूषिका ग्रंथी मेंदूस लटकलेली असली तरी त्या कुसवाच्या बाहेर वसलेली आहे. तिच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस झरोके असतात, कारण हुकूम रक्तात सोडणे हेच तिचे काम. म्हणून मेंदूच्या अन्य गाठींपेक्षा हिच्याविषयी आशा धरण्यास शरीररचनेचाच आधार आहे.

तिसरी अडचण आम्हांस सर्वांत मोठी वाटते. रक्तात शोधावयाचे तर गाठीच्या अंगावर एखादी ठळक खूण हवी. फुप्फुसाच्या वा आतड्याच्या कर्करोगात जनुकांची मोडतोड पुष्कळ असते. खुणांस तोटा नाही. पीयूषिकेच्या गाठी त्या मानाने फार सोज्ज्वळ. वाढीचा स्राव सोडणाऱ्या गाठींपैकी सुमारे शेकडा ४० गाठींत 'जी. एन. ए. एस.' नामक जनुकात उत्परिवर्तन असते, हे १९८९ पर्यंत स्पष्ट झाले. कुशिंगच्या व्याधीत 'यू. एस. पी. ८' ह्या जनुकातील दोष २०१५ साली, आणि प्रोलॅक्टिनच्या काही गाठींत 'एस. एफ. ३ बी. १' ह्या जनुकातील दोष २०२० साली कळला. पण पुष्कळशा गाठींत, विशेषतः मुक्या गाठींत, असा वारंवार आढळणारा ओळखीचा दोष सापडतच नाही. ज्याच्या कपाळावर काहीच लिहिलेले नाही, त्यास जत्रेच्या गर्दीत ओळखावे कसे?

ह्यावर शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती मोठी मनोहर आहे. कल्पना करा की गावातील प्रत्येक घरी एकाच पोथीची प्रत आहे. अक्षर न् अक्षर तेच. परंतु प्रत्येक घराची वाचण्याची चाल निराळी. अमुक अध्याय आपल्याकडे वाचावयाचा नाही, म्हणून त्यावर कुंकवाचे बोट. तमुक ओवी सोडावयाची, तेथे दुसरे बोट. उद्या पुरात पोथ्या वाहून गेल्या आणि एक फाटका तुकडा हाती लागला, तर मजकुरावरून घर कळणार नाही; पण कुंकवाच्या बोटांवरून जाणत्यास कळेल. आपल्या पेशींचेही असेच आहे. यकृताच्या पेशीत, कातडीच्या पेशीत आणि पीयूषिकेच्या पेशीत पोथी तीच. परंतु कोणता भाग वाचावयाचा नाही ह्याच्या खुणा मेथिल नावाच्या लहानशा रासायनिक गटाने केलेल्या असतात. ह्यास मेथिलीकरण म्हणतात. मानवी जनुकसंचात अशी खूण होऊ शकेल अशा जागा सुमारे २ कोटी ८० लक्ष आहेत. गाठ झाली की ह्या खुणांची मांडणी आपल्या विशिष्ट प्रकारे बदलते. म्हणजे एका खुणेऐवजी हजारो बारीक खुणा हाती येतात. आणि नळीत एखादी विशिष्ट खूण आलीच नाही तरी दुसऱ्या अनेक येण्याचा संभव राहतो.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१८ साली मेंदू व तत्संबंधी गाठींचे वर्गीकरण प्रत्यक्ष गाठीच्या तुकड्यांतील ह्याच खुणांवरून करण्यात आले. त्यात पीयूषिकेच्या गाठीही होत्या. पुढचा प्रश्न उघड होता : तुकड्याऐवजी रक्तात हे जमेल काय? अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी २०२२ साली ह्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी रक्तरसाचे ५९ आणि रक्तद्रवाचे ४१ नमुने घेतले. काही पीयूषिकेच्या गाठी असलेल्यांचे, काही त्याच परिसरातील अन्य व्याधींचे वा मेंदूच्या अन्य गाठींचे, काही गाठ नसलेल्यांचे. प्रत्येकातील साडेआठ लक्षांच्या आसपास जागांवरील खुणा एका पट्टीवर वाचल्या व त्यांवरून संगणकास भेद करावयास शिकविले. शिकवणीत न वापरलेल्या निराळ्या नमुन्यांवर तपासले असता पीयूषिकेची गाठ व इतर व्याधी ह्यांतील भेद शेकडा ९३ हून अधिक वेळा बरोबर ठरला. ज्या मुक्या गाठीस हुडकण्यास स्रावाचा उपयोग नाही, तिलाही येथे बोलते करता येण्याची वाट दिसते. आम्ही हा निबंध प्रथम वाचला त्या दिवशी आम्हांस जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण नाही.

परंतु शेकडा ९३ म्हणजे काय, हे त्या प्रतिनिधीने आमच्या सभासदांस सांगितले नसते. ते आम्ही सांगतो. बेल्जियममधील लिएज परिसरात केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बाधा करणारी पीयूषिकेची गाठ हजारांत सुमारे एकास आढळली. समजा, आपल्या ज्ञातीतील एक हजार धडधाकट माणसांची अशी तपासणी केली, आणि ती शंभरांत सात वेळा चुकते. ज्या एकास गाठ आहे तो बहुधा सापडेल. पण उरलेल्या ९९९ जणांपैकी सुमारे ७० जणांसही "गाठ आहे" असे उत्तर मिळेल! सत्तर घरांत रडारड, सत्तर एम. आर. आय. आणि त्यांतून आणखी एक घोटाळा : अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्यांची शवचिकित्सा केली असता शेकडा चौदांच्या आसपास माणसांच्या ग्रंथीत लहानशा गाठी सापडतात, असे २००४ सालच्या एका संकलनात दिसून आले. त्या गाठींनी त्या माणसांस जन्मभर काहीही त्रास दिला नव्हता. म्हणजे त्या सत्तर निरोगी जणांपैकीही काहींच्या चित्रात टिकलीएवढे काहीतरी दिसणारच. संशोधकांनी आपली तपासणी धडधाकट माणसांस चाळणी लावण्यासाठी पुढे केलेली नाही. ज्याच्या खोगिरात काही दिसलेलेच आहे, त्याची जात ओळखण्यासाठी ती आहे. तेथे हजारांत एक असा हिशेब नसतो, आणि म्हणून तेथे ९३ चे मोल फार अधिक असते. तपासणी तीच, कोणास केली ह्यावर तिचा अर्थ बदलतो.

आणि आपल्यात ह्या घोटाळ्याचे ओझे कोणावर पडेल, हे आम्ही सांगावयास नको. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक वहीत आम्ही काही वर्षे काम केले आहे. "मुलीच्या डोक्यात गाठ आहे म्हणतात" एवढ्या वाक्यावर ठरत आलेले लग्न मोडलेले आम्ही पाहिले आहे. मुलाच्या बाबतीत हेच वाक्य "थोडी डोकेदुखी असते" असे होते. निरुपद्रवी टिकलीसाठी निरोगी मुलीच्या कपाळी असा शिक्का बसविणारी तपासणी सवलतीच्या दरातही महागच होय.

येथे आणखी एक गैरसमज दूर करू. "डी. एन. ए. तपासणी" ह्या नावाने दोन अगदी निराळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक, आतापर्यंत सांगितलेली, गाठीतून सुटलेल्या तुकड्यांची. दुसरी, जन्मतः सर्व पेशींत असलेल्या आनुवंशिक दोषाची. ही दुसरी पांढऱ्या पेशींवरून सहज होते, पण ती गाठ आहे की नाही हे सांगत नाही; कुळात धोका आहे काय एवढेच सांगते. हिची कथा विलक्षण आहे. आयर्लंडचा चार्ल्स बर्न हा साडेसात फुटांहून उंच पुरुष लंडनात लोकांस आपले दर्शन देऊन पोट भरीत असे. १७८३ साली तो तरुणपणीच वारला. आपले प्रेत समुद्रात बुडवावे अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. परंतु जॉन हंटर ह्या विख्यात शल्यवैद्याने ते मिळविले आणि सांगाडा संग्रहालयात गेला. १९०९ साली हार्वे कुशिंग यांच्यासाठी कवटी उघडण्यात आली, तेव्हा ग्रंथीचे आसन फार मोठे झालेले दिसले. २०११ साली मार्टा कोरबोनिट्स व सहकाऱ्यांनी त्याच्या दातांतील डी. एन. ए. तपासला, आणि त्यात 'ए. आय. पी.' जनुकातील जो दोष मिळाला, तोच उत्तर आयर्लंडमधील आजच्या चार कुटुंबांतही आढळला. सव्वादोनशे वर्षांनी मृताच्या दातांनी जिवंतांस सावध केले! असा दोष असलेल्या प्रत्येकास गाठ होतेच असे नाही. पण बहुतेक गाठी आनुवंशिक नसतात, हेही तितकेच ध्यानात ठेवावे. ज्या घरात दोघांस ही व्याधी झाली आहे किंवा अगदी लहान वयात झाली आहे, त्यांनीच ह्या दुसऱ्या तपासणीविषयी वैद्यांस विचारावे. लंडनचे ते हंटेरियन संग्रहालय २०२३ साली पुन्हा उघडले तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनात मांडला नाही. आम्हांस ते योग्य वाटले. आपल्या रक्ताची नळी कोणी संशोधनासाठी मागितली तर द्यावी, आम्ही तर आनंदाने देऊ. पण संमतीचा कागद वाचून, आणि तिचे पुढे काय होणार हे विचारून.

आता पत्रलेखकांस उत्तर. ते आज येथे तिसऱ्या रांगेत बसलेले आम्हांस दिसत आहेत, व त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे बोलत आहो. ज्यांच्यासाठी ही नवी तपासणी खरोखर व्हावी, त्यांतले आपण आहात. उरलेला अंश वाढतो आहे की नुसता शस्त्रक्रियेचा वण आहे, हे सांगणे चित्रासही कधी कधी अवघड जाते; तेथे रक्ताने साक्ष दिली तर फार उपकार होतील. परंतु शंभर नमुन्यांवरील काम हजारो रोग्यांवर, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या यंत्रांवर पडताळावे लागते. उरलेला इवलासा अंश रक्तात किती तुकडे टाकतो, आणि तो वाढू लागल्यास किती महिने आधी कळते, हे रोग्यांस वर्षानुवर्षे पाहूनच ठरेल. तोवर वर्षाचा एम. आर. आय. चुकवू नये. डोळ्यांच्या कडांची दृष्टी मोजून घ्यावी. तिला वेळ थोडा लागतो व खर्चही फार नाही. ग्रंथीचे उरलेले काम नीट चालले आहे ना, हे पाहण्यासाठी अंतःस्रावांची साधी रक्ततपासणी वैद्य सांगतील तेव्हा करावी. आणि कॉर्टिसोलच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. तापात वा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा वाढवावी लागते, ती वैद्यांस विचारून ठेवून घरात सर्वांस दिसेल अशा जागी लिहून ठेवावी.

ज्या सभासदांनी पाच जणांची नावे नोंदविली होती त्यांनी ती परत घेतली, असे चिटणीस आताच सांगत आहेत. त्या पैशांपैकी काही त्यांनी मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीस दिले असून, ह्या वर्षी ज्या दोन कुटुंबांस एम. आर. आय. चा खर्च झेपत नव्हता त्यांच्यासाठी ते वापरले जाणार आहेत. अर्ज कार्यालयात मिळतात. त्यावर व्याधीचे नाव लिहिण्याची सक्ती नाही, वैद्याची चिठ्ठी बंद पाकिटात चालते.

 कोणास काही विचारावयाचे असल्यास, आणि भगिनींस भर सभेत विचारण्याचा संकोच वाटत असल्यास, भोजनोत्तर आम्ही व आमच्या डॉक्टर सूनबाई मागील खोलीत बसलेले असू.